दादाचा कॉम्प्युटर बोलेना

रविवारची सकाळ होती. मी मोरीपाशी बांगडे साफ करत बसले होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून दादाची हाक आली.

"बाय, जरा ये गो. हा बोलत नाय."

हा म्हणजे कॉम्प्युटर. माझा थोरला भाऊ आंधळा आहे. जन्मापासून नाही. अलोऱ्याच्या कॉलनीत आम्ही लहानाचे मोठे झालो, तेव्हा वळणावरून येणाऱ्या एसटीची पाटी तो माझ्या आधी वाचायचा. पुढे शिक्षक झाला. तिशी उलटली आणि डोळ्यांचा पडदा कडेकडून विझत गेला. आधी रात्रीचं दिसेना, मग फळ्याच्या दोन्ही बाजू दिसेनात, शेवटी उजेड कुठल्या अंगाला आहे एवढंच कळायला लागलं. शाळेची नोकरी सुटली. लग्न त्याने केलंच नव्हतं. माझे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा मीच दादाला म्हटलं, आता इकडे मांडवीला माझ्याकडेच राहा. तेव्हापासून घरात आम्ही दोघं.

सुरुवातीला ऑफिसला जाण्याआधी मी त्याला पेपर वाचून दाखवायची. एका हाताने डबा भरायचा, दुसऱ्या हातात पेपर. तो कधी कुरकुरला नाही, पण मी एखादी बातमी अर्ध्यावर सोडली की नुसतं "बरं" म्हणायचा. ते "बरं" दिवसभर माझ्या मागे यायचं. मग अंधांच्या एका शिबिरात त्याला बोलणारा कॉम्प्युटर शिकवला. पडद्यावर जे असेल ते हा मोठ्याने वाचतो, तेही मराठीत. आवाज माणसाचा नव्हे; नाकातून बोलल्यासारखा, सगळे शब्द एकाच चालीवर. दादा तो इतका भरभर लावायचा की मला एक अक्षर कळायचं नाही. त्याला मात्र सगळं कळायचं. मॉनिटरची त्याला गरजच नव्हती. तो कायम बंद असायचा, वर मी भरतकाम केलेला रुमाल टाकून ठेवला होता.

मी हात धुऊन आत गेले. दादा खुर्चीवर ताठ बसला होता आणि दोन्ही हात कीबोर्डवर होते.

"बटण दाबलं. पंखा फिरतोय. पण पुढे काही नाही."

"जुना झालाय रे. किती वर्षं झाली त्याला."

"मी पण जुना झालोय," तो म्हणाला. पण हसला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन चिपळूणहून होता. तिथे कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे, तीही दृष्टिहीन. दादा तिला इतिहासाचं पुस्तक तयार करून देत होता. मी ऑफिसच्या मशीनवर, साहेबांना विचारून, पानं स्कॅन करून आणायची. कॉम्प्युटर त्यातली अक्षरं ओळखायचा, पण जोडाक्षर आलं की त्याची बोबडी वळायची. "राज्यकर्ते" चं काहीतरी भलतंच व्हायचं. दादा एकेक ओळ ऐकून दुरुस्त करायचा. ते दुरुस्त केलेलं मग त्या मुलीचा कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा. परीक्षा आठवड्यावर आली होती.

"सर, शेवटची दोन प्रकरणं पाठवताय ना?" फोन स्पीकरवर होता, मला ऐकू येत होतं. "मॅडम म्हणाल्या त्यावर प्रश्न येतोच."

"पाठवतो," दादा म्हणाला. "झालीच आहेत."

"आज?"

"आज."

त्याने फोन ठेवला. मी म्हटलं, "दुसरीकडे कुठे ठेवलीयत का ती प्रकरणं? पेन ड्राइव्हवर?"

"पहिली आहेत. ही दोन राहिली होती." त्याने कपाळ चोळलं. "महिनाभराचं काम आहे गो ते."

मी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावला. दुकान बंद होतं, पण मालकांनी घरून फोन घेतला. बिचारे सभ्यपणे बोलले. म्हणाले, ऑनलाइन अर्जांचे दिवस आहेत, दुकानात मशीनांची रांग लागलीय, उद्या आणून टाका, पण चार-पाच दिवस तरी लागतील. वर हेही म्हणाले की बोर्ड गेला असेल तर त्याचे पार्ट आता मिळणार नाहीत.

हे सगळं मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा काय करायचे?"

आमचे वडील अलोऱ्याला जलविद्युत प्रकल्पाच्या वीज विभागात होते. घरातला रेडिओ असो, इस्त्री असो, बिघाड झाला की ते आधी उघडायचे नाहीत. वीज जिथून येते तिथून सुरुवात करायचे आणि पाण्याचा पाट धरून जावं तसे तिच्या मागोमाग जायचे.

"प्लगपासून," मी म्हटलं.

"मग चल प्लगपासून. तू बघ, मी ऐकतो."

मी कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला. मिक्सर घरघरला. म्हणजे वीज येत होती. पुन्हा कॉम्प्युटर लावला. पुढचा हिरवा दिवा लागला. दादाने खाली मांडी घालून कॉम्प्युटरच्या पेटीला कान लावला आणि हाताने मला गप्प राहायला सांगितलं.

"पंखा आहे. डिस्कची किरकिर नाही." मग त्याने बोट वर केलं. "हां. ऐकलंस?"

पंख्याच्या घरघरीखाली एक बारीक शिट्टी वाजत होती. लांब शिट्टी, थोडी शांतता, पुन्हा लांब शिट्टी. मी इतका वेळ त्या खोलीत होते, मला ती ऐकूच आली नव्हती.

"हा ओरडतोय," दादा म्हणाला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला. "मेलेला ओरडत नाही. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने मला सांगितलेलं, अशी लांब शिट्टी पुन्हा पुन्हा वाजली तर त्याला त्याची मेमरी सापडत नाही. आत एक पट्टी असते, कंगव्याएवढी. ती सैल झाली असेल, नाहीतर तिचे दात खराब झाले असतील. उघडायला हवं."

"मी?"

"आपण."

प्लग काढला. पेटी आम्ही दोघांनी उचलून पडवीत आणली, उजेडात. मागचे स्क्रू गंजलेले. आमच्याकडे समुद्र एवढा जवळ आहे की कुलूप, बिजागरी, सायकलची साखळी, काहीच धड राहत नाही. दोन स्क्रू फिरले, तिसरा हलेना. त्यावर खोबरेल सोडलं, दादाने थोडा वेळ थांबायला लावलं, मग स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगठ्याने खाच चाचपली आणि जोर लावला. कर्र करून तो सुटला.

पत्रा बाजूला केला आणि मी किंचाळले.

"काय गो? काय झालं?"

"पाल!"

"जिवंत?"

जिवंत नव्हती. पाल नव्हतीच खरं तर, तिची अंडी होती. पांढरी, गोल, फुटून रिकामी झालेली टरफलं, तारांच्या बेचक्यात. पण पालीच्या नुसत्या विचारानेही माझ्या अंगावर काटा येतो. दादा हसायला लागला. "बाळंतपण करून गेली वाटतं," म्हणाला, आणि बोटांनी ती टरफलं अलगद वेचून माझ्या दिशेने हात पुढे केला. "घे." मी केराची सुपली पुढे केली.

जुना रंगाचा ब्रश घेऊन मी आतली धूळ झाडली. मग दादाने शिस्तीत पेटीच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरू दे म्हणाला, आणि चाचपत चाचपत मेमरीच्या पट्ट्यांपर्यंत पोचला. दोन होत्या. दोन्ही बाजूंचे चाप दाबले की पट्टी वर येते. त्याने त्या काढून माझ्या हातात दिल्या.

"दात कसे दिसतायत?"

खालच्या कडेला सोनेरी रेघा होत्या. त्यांवर हिरवट डाग चढले होते, पितळेच्या समईवर चढतात तसे.

"हिरवे झालेत."

"खारी हवा," दादा म्हणाला. "खोडरबर आहे घरात?"

मुलाचा शाळेतला पेन्सिलींचा डबा मी अजून टाकला नव्हता. त्यात एक पांढरं खोडरबर निघालं, थोडं कडक झालेलं. दादाने सांगितलं तसं मी त्या रेघा हलक्या हाताने घासल्या, एकाच दिशेने. डाग निघाले. रेघा चमकायला लागल्या. सुती फडक्याने पुसून पट्ट्या परत दिल्या. त्याने त्या खाचेत बसवल्या, दोन्ही अंगठ्यांनी दाबल्या. टक. टक.

पेटी उघडीच आत नेली. प्लग लावला. बटण दाबलं.

लांब शिट्टी. शांतता. लांब शिट्टी.

मी खाली बसले. भूक लागली होती, बांगडे तसेच पडले होते, मांजर नक्की मोरीपाशी पोचली असणार. पण दादाकडे बघून मला वेगळंच वाटलं. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "तिला काय सांगू?" आणि मग, माझ्याकडे तोंड न करता, "आणि परत तुझ्या डब्याच्या वेळेला पेपर. तुझे हाल."

"माझे कसले हाल रे," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "वाचीन की. आणि ती प्रकरणं पण वाचीन. मी वाचते, तू तिला फोनवर सांग. रात्रभर बसू."

त्याने मान हलवली. मग त्यानेच विचारलं, "खाचा किती आहेत गो आत?"

"दोन."

"मग एकच पट्टी लावून बघू. एकदा या खाचेत, एकदा त्या. एखादी पट्टी मेली असेल तर तिच्यामुळे दुसरी पण गप्प बसते."

पहिली पट्टी पहिल्या खाचेत लावली. शिट्टी. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. शिट्टी. दादाने ती बाजूला ठेवली, दुसरी हातात घेतली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि बसवली. मी बटण दाबलं.

एकच शिट्टी झाली. छोटीशी, टिचकी मारल्यासारखी. आणि मागोमाग डिस्कची किरकिर सुरू झाली.

"झालं!" दादा ओरडला. माझा हात त्याने इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आम्ही वाट पाहिली. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आवाज आधी स्वागत करतो. आवाज आला नाही. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरायला लागलं.

"थांब," मी म्हटलं. इतका वेळ माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रुमाल काढला आणि मॉनिटर सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उभी होती. मी ती वाचून दाखवली. घड्याळ आणि तारीख चुकीची आहे, पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा, असा त्याचा अर्थ.

दादा कपाळावर हात मारून हसत सुटला. "आतली घड्याळाची बॅटरी गेली! तो बसलाय थांबून, आणि आपण बसलोय थांबून. आवाज पुढे गेल्यावर सुरू होतो, त्याआधी तो मला सांगणार कसा?"

"दाबू?"

"मला दाबू दे."

त्याने कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर बोट नेलं, एक घर उजवीकडे सरकवलं, आणि दाबलं. पडदा निळा झाला. चित्रं आली. आणि मग तो नाकातला, एका चालीतला आवाज आमच्या खोलीत बोलला. काय बोलला ते मला नेहमीप्रमाणे कळलं नाही. पण मला रडू आलं, आणि ते दादाला कळू नये म्हणून मी उठून मोरीपाशी गेले. मांजर खरंच आली होती. एक बांगडा नाहीसा झाला होता. मी तिला काही बोलले नाही.

परत आले तेव्हा दादाने दोन्ही प्रकरणं शोधली होती. सगळ्यात आधी त्याने ती पेन ड्राइव्हवर घेतली. मग मेल उघडेना, कारण कॉम्प्युटरच्या मते कुठल्यातरी जुन्या सालातला जानेवारी चालला होता. तारीख नीट केली, तेव्हा मेल उघडली. प्रकरणं चिपळूणला गेली. पाच मिनिटांत फोन आला.

"मिळाली सर! आवाज काय झालाय तुमचा? दमल्यासारखा वाटतोय."

"अगो, जरा साफसफाई काढली होती," दादा म्हणाला.

आम्ही जेवलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तीन बांगडे दोघांत. दादाने दोनदा भात घेतला. जेवताना तो भरभर बोलत होता, कॉलनीतल्या त्या इस्त्रीबद्दल, बाबांना बसलेल्या शॉकबद्दल, आई कशी आठवडाभर इस्त्रीला शिवली नव्हती त्याबद्दल. मग जेवून उठला आणि मॉनिटरसमोर नव्हे, पेटीसमोर जाऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत त्या आवाजाला पेपर वाचायला लावला. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, छोट्या जाहिरातींसकट. मी पलंगावर आडवी झाले. न कळणारं ते बोलणं ऐकता ऐकता मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना घड्याळाच्या दुकानातून ती चपटी बॅटरी आणली. कॉम्प्युटर आता एकाच पट्टीवर चालतो. सावकाश चालतो, पण दादाची काही तक्रार नाही. केलेलं काम तो रोज पेन ड्राइव्हवर घेतो आणि पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये ठेवायला लावतो.

परीक्षा संपल्यावर ती मुलगी आईला घेऊन आमच्याकडे आली. बरोबर त्यांच्या बागेतले काजूगर होते. शेवटच्या प्रकरणावर खरोखर प्रश्न आला होता आणि तिला तो पूर्ण लिहिता आला होता. चहा घेता घेता ती जरा चाचरत म्हणाली, "सर, पुढच्या वर्षाला अर्थशास्त्र आहे. त्यात आकडे फार आहेत, तक्ते पण."

दादाने माझ्या दिशेने तोंड वळवलं.

"ऑफिसातलं मशीन तक्ते घेतं काय गो?"

"घेईल," मी म्हटलं.