वॉर्निश केलेली टग आणि मामांच्या चपला

जुनी लाकडी टगबोट दुरुस्त करून गोव्यात पेडण्याला उभी केलीय असं कळलं, आणि मी ताबडतोब नवी वाइड लेन्स घेतली. जुन्या लेन्सने जुनी बोट काढली तर लोक काय म्हणतील? शिवाय तिथल्याच पाळी गावचे आमचे मामा तरुणपणी याच टगवर खलाशी होते, खनिजाने भरलेल्या बार्ज मुरगाव बंदराकडे ओढून न्यायचे. डोळे मिटायच्या आधी एकदा तिच्यावर पाय ठेवायचाय, असं ते कधीपासून म्हणत होते. म्हणजे ब्लॉगला डोळे ओले करणारी गोष्टही फुकटात मिळणार होती.

कोल्हापूरहून पहाटे निघालात तर आंबोली, दोडामार्ग करत जेवणाच्या आत डिचोलीत पोचता. दोन खड्ड्यांच्या मधला रस्ता उत्तम आहे. बाजारात पातळभाजी आणि उंडो, म्हणजे गोल कडक पाव, जरूर खा. पाळीला मामा इस्त्रीचा शर्ट, नव्या चपला आणि हातात नारळ अशा थाटात फाटकात उभे होते.

टग एका रिसॉर्टच्या धक्क्याला बांधलीय. माणसाला शंभर रुपये, कॅमेऱ्याला पाचशे. कोणाची किंमत किती, हे एकदा कळलेलं बरं. वॉर्निश असं की समोर उभं राहून दाढी करावी.

मामांनी धक्क्यावरच चपला काढल्या. मॅनेजर अदबीने पुढे आला.

"काका, चपला घाला. अनवाणी वर सोडत नाही. सेफ्टी."

"रे बाबा, हिची आमी पूजा करतांव. चपला घालून कसो चढू?"

"मग इथूनच बघा. छान दिसते."

मी मध्यस्थी केली. "मामा, पाच मिनिटं घाला ना."

मामा धक्क्याच्या कठड्यावर बसले. "तू जा. उजेड जाता."

पाचशे भरले होते. गेलो.

वर इंजिनाच्या जागी कॉफीचं मशीन आहे, सुकाणूला सेल्फीची चौकट, आणि नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, पाय हलवत बसलेली जोडपी. लेन्सने मात्र कमाल केली. डेक, खाडी, माड, सगळं एका फोटोत. उतरलो तेव्हा मामा वाकून बोटीच्या फळ्यांवर हात फिरवत होते. भरती होती म्हणून हात तरी पोचला. नारळ फोडायलाही मनाई निघाली, तो त्यांनी पाण्यात सोडला. परतताना त्यांना पाळीला सोडलं.

घरी येऊन फोटो टाकले, बदामांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. मुलीने त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले होते.

"बोट बरी रंगयली हा," ते म्हणाले. "तुझे बूटय बरे दिसतत."

फोटो उघडून पाहिला. खालच्या कोपऱ्यात, महागड्या लेन्सच्या कृपेने, त्या चकचकीत डेकवर माझ्या बुटांची दोन टोकं. मामांना पाय ठेवायचा होता, तिथेच. मला मनापासून लाज वाटली. कोपरा कापता आला असता, पण तसाच ठेवलाय. तुम्ही जाणार असाल तर नीट बघून घ्या, तिथे बूट लागतात.