न बोलणारे सासरे आणि तलावातली मरळ

लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी ठरवलेलं स्थळ मोडून मुलीनं माझ्यासारख्या शाळामास्तराशी रजिस्टर लग्न केलं, हा त्यांचा राग. पिंपळगाव रेणुकाईहून आमची टेंभुर्णी, अंतर ते किती! पण ते आले नातू झाल्यावरच, आणि तेही एका मुक्कामापुरते. खुंटीला लावलेली पिशवी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. मला काही सांगायचं असलं की मुलीकडे बघून म्हणायचे, "घरच्यांना म्हणाव, चहा बस झाला." आणि मी समोरच बसलेलो! बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. उद्या सकाळच्या गाडीनं ते असेच गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते ते. मला तेव्हा गळ टाकायचं वेड होतं. गावाबाहेरच्या पाझर तलावात एक दांडगी मरळ होती, तिनं दोन उन्हाळे मला नुसतं झुलवलं होतं. दुपार कलल्यावर मी दोरी आणि टोपलं काढलं आणि धीर करून विचारलं, "मामा, येता का तलावावर?"

ते मुलीला म्हणाले, "म्या कवा गळ धरला न्हाई." पण चपला घातल्या.

काठावर बसल्यावर दोरी त्यांच्या हातात दिली आणि मी गुरुजी झालो. मरळ शिकारी मासा, म्हणून गळाला जिवंत बेडकी लावायची. दोरीला बांधलेला रबरी चपलेचा तुकडा वर तरंगतो, तो बुडाला तरी घाई करायची नाही, तिला गिळू द्यायचं. मग मात्र ओढत राहायचं, दोरी ढिली पडली की ती गवतात शिरलीच. काठाशी आली की मी पाण्यात उतरून टोपल्यात घेणार.

"आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही," असं म्हणून गेलो आणि जीभ चावली. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू की राग, देव जाणे.

तासभर आम्ही गप्प बसलो. इतका गुणी विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाला नाही.

आणि चपलेचा तुकडा गडप झाला! दोरी सरसर पळायला लागली. मी नुसता हात वर करून थांबा म्हणालो. ते थांबले. मग मी मान हलवली आणि त्यांनी ओढायला सुरुवात केली. हिसका नाही, घाई नाही. विहिरीतून घागर शेंदावी तशी हातावर हात टाकत त्यांनी दोरी घेतली. मी हे दोन वर्षं शिकत होतो, त्यांना जन्मापासून येत होतं! पाणी फुटलं, काळी पाठ दिसली, हातभर लांब मरळ! तीच ती! टोपलं घेऊन मी गुडघाभर पाण्यात उतरलो.

"जावईबापू! आवो जावईबापू, धरा की जल्दी!"

मी वळून त्यांच्याकडे बघत राहिलो. टोपलं हातात, तोंड उघडं. मरळीनं एक उसळी मारली, गळ सुटला आणि ती गेली.

"तोंड काय पाहून राह्यले माझं? हातात आल्ती ना! तीन साल बोललो न्हाई तवा बराबर चाललं, अन् आज बोललो तर उभेच राह्यले! पोरायला हेच शिकवता का शाळेत?"

घरापर्यंत ते मला रागवत होते. वाटेत भेटेल त्याला थांबवून मरळ किती लांब होती आणि जावयानं ती कशी घालवली, ते सांगत होते. हातांनी दाखवलेली मरळ प्रत्येक माणसागणिक वाढत होती. आणि मी, शिव्या खात, इतका खूश होतो की पायात चपला नाहीत हे घरी आल्यावर कळलं. त्या तलावावरच राहिल्या होत्या.

"मासा कुठंय?" बायकोनं विचारलं.

"ह्यांनी सोडला," सासरे म्हणाले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. बायको पुन्हा स्वयंपाकघरात पळाली, डोळे पुसायला. सासऱ्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, आतलं धोतर बाहेर घेतलं आणि मला म्हणाले,

"उद्याची गाडी जाऊ द्या, जावईबापू. मोठं टोपलं पाहून ठेवा."