वरच्या खोलीतला पहिलवान

ईशान, परवा फोनवर तू तुझ्या आजाराचं ते लांबलचक नाव सांगितलंस आणि मी हसले. तुला राग आला, तुझ्या आईला तर फारच आला. आधी माफी मागते. मी तुझ्या आतड्यांना हसले नाही. "म्हणजे आजी, माझी जिम संपली का?" असं तू पुढे विचारलंस ना, त्याला हसले, कारण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी माझ्या जेवणाच्या टेबलापाशी एका मुलानं विचारला होता. त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या बहिणीलाही वाचून दाखव. तिला मराठी वाचायचा कंटाळा असला तरी ऐकायचा नाही.

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या त्या मुलाइतकं पुणे शहर कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि हे मी नारायण पेठेत जन्मलेल्या तुमच्या आजोबांच्या देखत म्हणत असे. तो यवतमाळकडचा. हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि कोथरूडच्या आमच्या बंगल्यात भाडेकरू म्हणून आला, तेव्हा त्याचं वजन पंचेचाळीस किलो होतं. जिना चढताना त्याच्या पावलांचा आवाजच येत नसे. मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचा त्याचा आजार कधी महिनोन्‌महिने गप्प बसे, कधी दिवसातून पंधरा वेळा पळायला लावी. त्यामुळे इतरांना पुण्यातली देवळं आणि मिसळीची दुकानं माहीत असतात, तशी त्याला शौचालयं माहीत होती. स्वारगेटपासून कोथरूडपर्यंत कुठल्या हॉटेलात काही न खाताही आत सोडतात, कुठल्या बँकेचा शिपाई दयाळू आहे, कुठल्या थिएटरातली कडी लागत नाही, सगळं तोंडपाठ. मी लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघाले की तो जिन्यावरून ओरडे, "काकू, अकरा ते एकमध्ये त्या कोपऱ्यावरच्या ठिकाणी जाऊ नका बाप्पा, पाणी नसते!" तुमचे आजोबा म्हणत, "अहो, या मुलाला महापालिकेनं नोकरी द्यायला हवी. निदान कोणीतरी पाहणी केली असं तरी होईल."

अशा मुलाला पहिलवान व्हायचं होतं. त्याचं कारण साधं होतं. ऑफिसातली मंडळी दर रविवारी सकाळी सिंहगड चढायला जात आणि हा दर वेळी काहीतरी सबब सांगे. त्या सबबींपायी त्याच्या चार मावश्या वारल्या होत्या. पाचवी खरंच होती, म्हणून तिला त्यानं नुसतं आजारी पाडलं. वाटेवर तासभर आडोसा नाही याची भीती होतीच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे पायांत जोर नव्हता. "मला दंड नकोत काकू," तो म्हणाला. "एकदा सगळ्यांच्या बरोबरीनं वर जायचं आहे, माझी सॅक माझ्या पाठीवर घेऊन. कोणी 'तू थांब रे खाली' म्हणायला नको." मग खालमानेनं विचारलं, "का माझी जिम सुरू व्हायच्या आधीच संपली?"

त्याचे डॉक्टर म्हणाले, संपली नाही. आजार शांत आहे तोवर हळूहळू कर, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. कोथरूडात तेव्हा दर चौकात जिम निघत होती. आमच्या चौकातल्या ट्रेनरनं याला एकदा खालून वर पाहिलं आणि सांगितलं, "सर, रोज एक लिटर दूध, बारा अंडी, मूठभर हरभरे. दोन महिन्यांत बॉडी!" यातलं एकही निभलं नसतं. मागे सूज उतरवायला डॉक्टरांनी याला स्टिरॉइड दिलं होतं, हे कळल्यावर जिममधली पोरं याच्याकडे आदरानं पाहू लागली. "त्यांच्या स्टिरॉइडनं दंड येतात काकू," तो खिन्नपणे म्हणाला, "माझ्यानं निस्ते गाल आले."

शेवटी त्याऐवजी प्रथिनांची पावडर घ्यायचं ठरलं आणि ती निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली. बारीक अक्षर दिसलं की भिंग घेऊन बसायची सवय. तो दुकानातून लेबलं उतरवून आणी आणि आम्ही धड्यासारखी वाचत असू. नेहमीची पावडर दुधापासून काढलेली, आणि दूध त्याला सोसत नसे, ती बाद. बिनसाखरेच्या डब्यांत जी गोडी घालतात तिनं पोट ढवळे, तेही बाद. काहींत पोट साफ व्हावं म्हणून तंतू, म्हणजे फायबर, मुद्दाम घातलेले असत. त्यांना तर तो हातच जोडी. उरली तांदळाच्या प्रथिनांची एक बेचव पावडर, जिच्या लेबलवर जेमतेम तीन नावं होती. तरी ती घ्यायच्या आधी त्यानं डॉक्टरांना विचारलं. तो केळ्यालासुद्धा परवानगी काढणारा मुलगा होता. नवी गोष्ट एका वेळी एकच, तीही अर्ध्या चमच्यानं, आणि दोन आठवडे वहीत नोंद. (ईशान, त्याला दूध चाललं नाही म्हणून तुलाही चालणार नाही, असं नाही. नियम त्याचा घे, यादी तुझी तू कर.) शेजारच्या बायका मायेनं मेथीचे लाडू आणि मोडाची मटकी पाठवत. तो हसून घेई आणि ऑफिसात वाटून टाकी. त्याच्या ऑफिसात माझ्या मैत्रिणींचं फार नाव झालं होतं.

आठ महिन्यांत तो चोपन्न किलोचा झाला. जिना वाजू लागला. सिंहगडाचा रविवार ठरला.

आणि मग माझ्या व्यवस्थितपणानं घात केला. त्याच्या खोलीत मुंग्या फार, म्हणून पावडर माझ्या स्वयंपाकघरात असे. माझ्याकडे बाजारातला पुडा त्याच्या मूळ डब्यात राहणं म्हणजे पाहुण्यानं चपला घालून दिवाणखान्यात बसणं. सगळं एका मापाच्या स्टीलच्या डब्यांत, आणि सुवाच्य अक्षरातलं लेबल, तेही झाकणावर, म्हणजे वरून पटकन दिसावं. शेजारच्याच डब्यात तुमच्या आजोबांची तंतूंची पावडर होती. त्यांची तक्रार या मुलाच्या अगदी उलट. एका रविवारी मी दोन्ही झाकणं एकदम धुतली. एका मापाची झाकणं कुठल्याही डब्याला बसतात, ही बाब तीस वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

दहा दिवस मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं त्याला ग्लास कालवून दिला. त्याचं पोट बिघडलं, मग रक्त पडू लागलं. तो वही उलटी-सुलटी चाळे. "नवीन काहीच केलं नाही काकू, काऊन होऊन राहिलं हे?" इकडे तुमचे आजोबा कुरकुरत होते, "ही पावडर हल्ली मुळीच लागू पडत नाही. दंड मात्र भरल्यासारखे वाटतात." ज्या दिवशी त्याला दवाखान्यात ठेवलं, त्याच सकाळी मी आजोबांचा ग्लास ढवळला आणि त्यावर फेस आला. तंतूंच्या पावडरीला फेस येत नाही. मी दोन्ही डबे उघडून पाहिले, झाकणांची अदलाबदल झाली होती.

रिक्षा करून दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हा खोली सोडून जाईल, आणि तेच योग्य होईल. तो पुन्हा शेचाळीस किलोवर आला होता, हाताला सलाईन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लेबल मात्र फार सुंदर होतं, काकू." डॉक्टर म्हणाले, या आजाराला स्वतःचीही लहर असते, सगळा दोष पावडरीचा नाही. मी त्यांचे आभार मानले. विश्वास ठेवला नाही. घरी येऊन छत्तीस डब्यांची लेबलं झाकणांवरून काढून डब्यांच्या पोटावर चिकटवली.

परत सुरुवात अर्ध्या चमच्यापासून. या वेळी वर्षाहून जास्त लागलं. मध्ये एकदा आजारानं पुन्हा डोकं वर काढलं, पुन्हा आठ दिवस मऊ भात. जिममधल्या छोट्या वजनांकडे परत जाताना त्याला लाज वाटे. पण गेला. आणि डिसेंबरातल्या एका रविवारी फोन आला. वाऱ्यात त्याचा आवाज नीट येत नव्हता. "काकू, वर आहो! पाय थरथरून राहिले, पण सॅक माझीच आहे. हे सगळे पिठलं-भाकरी खाऊन राहिले, अन् मी तुमचा भात." तुमच्या आजोबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "शाबास," म्हणाले, "आता उतरतानाही तूच उतर." मग चष्मा पुसत बागेत गेले.

पुढे तो नागपूरला गेला, लग्न केलं, मुलगी झाली. तुमचे आजोबा गेले. बंगल्याच्या जागी इमारत उभी राहिली, तिच्या चौथ्या मजल्यावरून मी हे लिहिते आहे. ईशान, तुझा फोन झाल्यावर मी त्याला फोन केला. केस गेले म्हणाला. गोळ्या रोज घेतो, व्यायाम आठवड्यातून चारदा, वजन बासष्ट. तुझा नंबर त्यानं मागून घेतला आहे.

त्याचा आजार अजून आहे. तोही आहे.