चोवीस चकत्या

बुधवारी सकाळी फेलिसाने जेवणाचं टेबल तीनदा पुसलं. आठ वाजता हिलो शहरातल्या प्रयोगशाळेतून कॅरल यामाने नावाची तपासनीस येणार होती आणि तिच्या ट्रेमध्ये काय निघतं, त्यावर एका माणसाचं राहणं की जाणं ठरणार होतं. तो माणूस, फेलिसाचा धाकटा दीर तिओ, दाराकडे पाठ करून पायरीवर बसला होता. शुक्रवारचं विमानाचं तिकीट त्याच्या खिशात होतं.

"आत ये की. भात निवतोय!"

"घास उतरणार आहे का, मानांग?"

थोरलीला मानांग आणि धाकट्याला आदिंग म्हणायचं, हे दोघांनी एवढ्या भांडणातही सोडलं नव्हतं.

भांडण पपईचं होतं आणि वीस वर्षांचं होतं. नव्वदच्या दशकात बेटाच्या पुना भागातल्या बागांवर गोल ठिपक्यांचा रोग पडला, तेव्हा फेलिसाने आणि तिच्या नवऱ्याने आपली चार एकर बाग स्वतःच्या हातांनी तोडली. पुढे त्या रोगाला दाद न देणारं, जनुक बदललेलं, म्हणजे जीएम, बी आलं. फेलिसाने ते पहिल्याच वर्षी लावलं. तिओने मात्र कापोहोच्या आपल्या तुकड्यात वडिलांचं जुनं बी धरून ठेवलं.

"बी आपल्या हातचं हवं," तो म्हणे. "दर लागवडीला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं होय? आणि माझं गिऱ्हाईक विचारून घेतं, जीएम आहे का म्हणून."

"अरे, तुझी झाडं उभी आहेत ती माझ्यामुळे! तुझ्या चारी बाजूंनी माझी बाग आहे. रोग तिथेच अडतो."

"आणि तुझे पराग माझ्या फुलांत शिरतात, ते?"

म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या प्रत्येक फुलावर, ते उमलण्याआधी, तिओ कागदी पिशवी बांधायचा. जीएमवर बंदी घालावी का, यावर हिलोला सुनावणी झाली, तेव्हा दोघं एकाच ट्रकमधून गेले, कारण ट्रक एकच होता. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळाली. ती बंदीच्या विरुद्ध बोलली, तो बाजूने. मग दोघांनी एकाच डब्यातला भात खाल्ला.

"तू साडेतीन मिनिटं बोललीस," घास चावत तो म्हणाला होता.

दर नाताळला तो तिला एक पपई आणून द्यायचा. "घे. खरी पपई कशी लागते, ते विसरशील नाहीतर." फेलिसा नाक मुरडून खायची. पण चांगलं बी फेकून देणं तिच्या हातून कधी झालंच नाही. ती बिया राखेत चोळून, वाळवून डब्यात भरायची आणि वर तारीख घालायची.

मग २०१८च्या जूनमध्ये ज्वालामुखीचा लाव्हा आला. कापोहो त्याखाली गेलं. तिओची झाडं गेली, त्यांच्या भोवतालची फेलिसाची बाग गेली, शेडमधली बियांची बरणी गेली. उरली ती फक्त फेलिसाच्या घरामागची बाग.

"लेकाकडे लास वेगासला जातो," तिओ म्हणाला. "तिथे पपई नाही आणि भांडणही नाही."

नवरा गेल्यावर या घरात फेलिसाशी भांडणारं दुसरं होतंच कोण? तिने कॉफीचा जुना डबा त्याच्यापुढे ठेवला. वर लिहिलं होतं, 'तिओची पपई, नाताळ २०१७'.

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मानांग, हे फळ कुंपणालगतच्या झाडाचं. पिशवी न बांधलेल्या फुलाचं. बियांत तुझे पराग उतरले असतील. चांगली फळं बाजारात जायची. तुला उरलेलं आणायचो."

"वीस वर्षं मला उरलेलं खाऊ घातलंस?"

तरी तिने बी पेरलं. चोवीस रोपं आली. कॅरलने प्रत्येक रोपाच्या पानाची एक चकती कापून नेली. औषधात भिजवल्यावर नवं जनुक असेल ती निळी होते, नसेल ती पांढरी पडते.

आठला पाच मिनिटं कमी असताना कॅरलची गाडी वाजली. तिओही तिच्यामागून आत आला. कॅरलने ट्रे टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

पहिलीच चकती निळी होती. गर्द, शाईसारखी!

तिओ दाराकडे वळला. फेलिसाने त्याचा शर्ट धरला. "थांब, आदिंग! एकीवरून काय ठरवतोस?"

दुसरी पांढरी. तिसरी पांढरी. चौथी, पाचवी... फेलिसा मोठमोठ्याने मोजू लागली. नववी निळी. मग पुन्हा पांढरी, पांढरी. सोळावी निळी. त्यानंतर शेवटपर्यंत एकही निळी नाही.

"एकवीस!" फेलिसा ओरडली. "एकवीस निर्मळ आहेत रे!"

तिओने शेवटाकडून पुन्हा मोजलं. मग मधूनच मोजलं. कॅरल हसत म्हणाली, "कुठूनही मोजा, काका, तेवढीच भरतील."

फेलिसाने अंगणातले त्या तीन निळ्या चकत्यांच्या रोपांचे डबे उचलून आपल्या बाजूला ठेवले. "ही तीन माझी."

"तुझीच. कुंपण ओलांडून आलेली." तो आता भराभर बोलत होता. "लावायची कुठे पण? रोग तर अजून आहेच."

"माझ्या बागेच्या मधोमध. भोवती माझी झाडं."

"म्हणजे पुन्हा तुझे पराग!"

"मग जा लास वेगासला."

तिओने खिशातलं तिकीट काढलं, निवलेल्या भाताच्या ताटलीखाली सरकवलं आणि समोर बसून मोठा घास घेतला.

"मानांग, घरात कागदी पिशव्या आहेत?"

"अरे, फुलं यायला अजून कितीतरी महिने आहेत!"

"असू देत. या खेपेला कुंपणाकडचंही फूल उघडं ठेवणार नाही."

फेलिसा केव्हाच खण उपसू लागली होती.