उत्तराचं बटण
सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की मला मुलुंडची आमची गॅलरी आठवते. बाबांना हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचं वेड; गॅलरीत बसूनच ते सेटच्या वायरी डागायचे. दादा नोकरीला बंगळूरला गेला, तिथे त्याने स्वतःचा सेट घेतला, आणि पहिल्याच रविवारी सकाळी बाबा आपला सेट घेऊन गॅलरीत उभे राहिले. मिठागरांकडून खारा वारा येत होता, आई पोहे परतत होती. बाबांनी दादाचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं त्याचं सांकेतिक नाव, सेटमध्ये टाकून हाक दिली. ती इथल्या रिपीटरवरून, म्हणजे आवाज पुढे पोचवणाऱ्या केंद्रावरून, इंटरनेटने थेट तिकडच्या रिपीटरवर जायची. उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. पोहे निवले, बाबांचा चेहरा उतरला. शेवटी दादाचा फोनच आला. “अहो बाबा, कधीचा बोलतोय मी! इथली सगळी मंडळी ऐकतायत, तुम्हीच बोलत नाही!” बाबा उसळले, “अरे गाढवा, उत्तराचं बटण कोण दाबणार? ते दाबून हाक कुणाची आली ते सेटला धरू दे, तरच तुझं बोलणं माझ्याकडे येईल. नाहीतर बस तुझ्याच गावात फिरत!” मग सेटमधून दादाचा आवाज आला, आणि बाबा आमच्याकडे पाठ करून बराच वेळ नुसते “हं, हं” करत राहिले. आता बाबा नाहीत. परवा दादा बंगळूरचा आपला तो जुना सेट घेऊन आला आणि त्याची सुटलेली वायर जोडायला बसला. सेट चालू झाला, तर पडद्यावर उत्तराचा पत्ता म्हणून अजून बाबांचाच कॉलसाइन. “बदल ना रे तो,” मी म्हटलं. “राहू दे गं,” दादा म्हणाला. मग सेट चालूच ठेवून आम्ही दोघं गॅलरीत उभी राहिलो, त्या रविवारी बाबा उभे होते तशी.