तळ्याचं बूड

चांगोला जमीन होती, पण तिच्यात माती कमी आणि दगड जास्त. शहापूर-मुरबाड रस्ता सोडून आत गेलं की बोरवाडी लागते. वाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर त्याचा तुकडा होता. दर पावसाळ्यात तिथली माती वाहून खालच्या तळ्यात जाऊन बसायची. मग चांगो काठावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "ह्या तळ्यातला गाळ माझ्या बापाचा हाय!" त्यात खोटं काही नव्हतं. फक्त भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजायला म्हणून उतारावरची झाडं ओरबाडून माती मोकळी करणाराही तोच, एवढं तो सांगायचा नाही. ते त्याची बायको भिमी सांगायची.

"फांदी ठेवली नायस, गवात ठेवला नायस. मग माती काय तुझ्या तोंडाकडं बघत बसंल?"

चांगो हसून सोडून द्यायचा, कारण त्याला सगळंच आधीपासून माहीत असायचं. म्हैस गाभण आहे की नाही हे तो लांबूनच सांगायचा, आणि म्हैस त्याला नेमानं खोटं पाडायची. तरी माणूस वाईट नव्हता. कोणाकडे लग्न असो की मयत, लाकडं फोडायला पहिला हजर, आणि ती कशी फोडावीत यावर बोलायलाही पहिलाच.

सन दोन हजार एकच्या उन्हाळ्यात रोजगार हमीवर तळ्यातला गाळ काढायचं काम निघालं. एक साहेब आले आणि आंब्याखाली भाषण ठोकून गेले. तालुक्यातल्या धरणाचं पाणी मुंबईला जातं, त्यावर ते काही बोलले नाहीत. आपल्या तळ्यातल्या गाळाचं व्यवस्थापन मात्र आपणच करायचं म्हणाले. गाळ काढून शेतात टाका, म्हणजे तळं खोल आणि शेत सुपीक. 'व्यवस्थापन' हा शब्द चांगोला इतका भावला की दुसऱ्या दिवशी तो कुदळीऐवजी काठी घेऊन कामावर आला. त्याला मुकादम कोणी केलं नव्हतं, तो आपणहून झाला.

"मी यवस्थापन करतंय," तो म्हणाला.

"पयला चुलीत लाकडा घालायचा यवस्थापन कर," भिमी घमेलं उचलत म्हणाली.

काळा मऊ गाळ भराभर निघाला आणि ज्याच्या त्याच्या शेतात गेला. खाली निळसर चिकण माती लागली. भिमीनं घमेलं खाली ठेवलं.

"गाळ सरला. आता पुरे."

"तुला काय कळतंय? जेवढा खोल, तेवढा पानी!"

"अरे, मडक्याचा बूड कोन खरवडतो काय?"

चांगोनं काठी आपटली. खरं तर त्याचा जीव त्या चिकण मातीवर जडला होता. असल्या मातीचा बांध घातला, तर खेकड्याच्या बापालाही त्याला भोक पाडता आलं नसतं. त्यानं आपल्या तुकड्याला तिचे बांध घालूनही घेतले. आणि वाडीला तरी ती कुठं नको होती? बायकांनी तिच्या चुली घातल्या, ओटे लिंपले. सरपंच दिनेशनं तर ट्रॅक्टर लावून ती आपल्या अंगणात ओतून घेतली. कुदळीखाली मुरूम खणखणू लागला तेव्हा कुठं हात थांबले.

पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. दिनेशनं पंधरा ऑगस्टला चांगोच्या खांद्यावर शाल टाकली. चांगोच्या तुकड्यावर, जिथं वरीसुद्धा तोंड वाकडं करून उगवायची, तिथं कमरेएवढा भात डोलू लागला. दसऱ्यापर्यंत गडी जमिनीवरून चालत नव्हता.

मग तळं उतरू लागलं. एरवी ते म्हशींना वैशाखापर्यंत पुरायचं. त्या वर्षी दिवाळीलाच अर्ध्यावर आलं, कारण पाणी धरून ठेवणारा थरच खरवडून नेला होता आणि उघड्या मुरमातून ते खाली झिरपत होतं. संक्रांतीला पोरं तळ्यात क्रिकेट खेळत होती. चिकण माती घरोघरच्या चुलींना लागलेली, पण शिव्या एकट्या चांगोला पडल्या.

भिमीनं मात्र शिवी दिली नाही. तिनं दोन्ही म्हशींची दावी सोडली.

"मी कोंडूकडं चाललंय." कोंडू तिचा भाऊ, मुरबाडच्या अंगाला काळू नदीच्या काठी राहायचा. "म्हशींना पानी हाय तिथं."

"परत कवा येशील गो?"

"वैशाखात तळ्यात पानी दिसंल तवा."

"येत्या वैशाखात कसा दिसंल?"

"मग त्याच्या पुढल्या," म्हणून ती निघूनही गेली.

महिनाभर चांगोनं साहेबांना शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, मुरमालाही घातल्या. गावदेवी काय झोपली होती काय, असंही विचारून झालं. मग एका दुपारी थापता थापता भाकरी तिसऱ्यांदा फाटली आणि चांगो रडू लागला. ते रडणं भाकरीसाठी नव्हतं. गोठा रिकामा होता, घरात त्याला खोडून काढणारं कोणी नव्हतं, आणि हे आपणच करून बसलो हे त्याला पहिल्यांदाच धड कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपले बांध फोडायला घेतले. तीच चिकण माती घमेल्या-घमेल्यानं तळ्यात नेऊन टाकू लागला. "गिळलेला ओकतोय बघा," लोक म्हणाले. दिनेशकडे माती मागायला गेला, तर तो म्हणाला, "तिच्यावर आता फरशी बसवली, चांगो." उन्हाळाभर वाहून तळाला कसाबसा एक थर झाला.

पाऊस लागला. भाताच्या खाचरात रेडे घालून चिखलणी करतात ती पाणी धरावं म्हणून. तीच तळ्यात केली तर? पण आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत त्याला रेडे कोण देणार? स्वतःच्या शेतात एक रोपही न लावता चांगो घोटाभर पाण्यात उतरला आणि आपल्याच पायांनी चिखल तुडवू लागला. काठावर हसायला गर्दी जमली.

म्हशींना मात्र हसू आलं नाही. चरून परतणाऱ्या खंडीभर म्हशींनी तो चिखल पाहिला आणि त्या थेट आत घुसल्या. धनी काठ्या घेऊन धावले. चांगोनं हात जोडले, "राहू द्या."

"राहू द्या काय? त्या ऐकतात काय आमचा?" ठकू म्हातारी ओरडली, आणि काठावर बसून राहिली. रोज दुपारी तेच होऊ लागलं. म्हशी लोळायच्या, तुडवायच्या, चिखल लोण्यासारखा एकजीव व्हायचा. लोकही एकेक करून आत उतरले. ठकूनं तर आपली चूल फोडून तिची माती आणून टाकली. भाजलेल्या मातीचा काडीचा उपयोग नाही, हे चांगोला माहीत होतं. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि तोंड मिटून ठेवलं. ठकूला वाटलं, पोराला ताप आला असावा.

त्या साली त्यानं उतारावरची एक फांदी तोडली नाही. बांध गेलेल्या शेतात पिकलं काहीच नाही. त्यानं दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी केली. दिवाळीत तळं भरलेलं होतं. संक्रांतीलाही होतं. चांगो रोज सकाळी उठून आधी तळं बघायचा, मग तोंड धुवायचा.

वैशाखात मधोमध गुडघाभर पाणी उरलं होतं. चांगोनं कळशी भरली आणि मुरबाडच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसला. खड्ड्याखड्ड्याला पाणी शेजाऱ्यांच्या अंगावर उडत होतं, आणि तो प्रत्येकाची माफी मागत होता. कोंडूच्या दारात उतरला तेव्हा कळशीत निम्मंच उरलं होतं.

"नदीकाठच्या माणसाला पानी आणलास?" कोंडू पोट धरधरून हसला.

भिमी बाहेर आली. तिनं कळशीत वाकून पाहिलं. पाणी गढूळ होतं.

"आपल्या तळ्याचा?"

"व्हय."

तिनं कळशीतलं पाणी घमेल्यात ओतून म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं नाक फेंदारून हुंगलं आणि एका दमात सगळं पिऊन घमेलं चाटलं. चांगोनं वाटभर मोठं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना.

"चुकला माझा," तो म्हणाला. "तू सांगत व्हतीस."

भिमीनं दावी सोडली आणि एक त्याच्या हातात दिलं. म्हशी काही जीपमध्ये बसणाऱ्या नव्हत्या, म्हणून दोघं चालतच निघाली. नदी मागे पडली, पहिला चढ चढून झाला, तरी चांगो खाली मान घालून मुकाट चालत होता. शेवटी भिमीलाच राहवेना.

"बोल ना रे कायतरी," ती म्हणाली. "सव्वा वरीस झाला ऐकून."