सकाळी सातचं टेबल

"पुस्तकात नर्व्ह पिवळी असती, हितं समदं एकाच रंगाचं हाय, तवा डोळं मिटा अन् बोटानं बघा."

सूर्यभानकाका हे आम्हाला पहिल्या वर्षी सांगायचे. नगरजवळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात ते डिसेक्शन हॉलचे, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीचे, शिपाई होते. भिंगारहून सायकलवर यायचे, सातला कुलूप काढायचे. लेक्चर सुरू होईपर्यंतचा तास आमचा. खरं तर त्यांचा. त्यानंतर दिवसभर ते फॉर्मॅलिनच्या बादल्या उचलत, फरशी पुसत, आणि त्यांना कुणी काही विचारत नसे.

"रबरावानी लागली ती आर्टरी. दबून चपटी झाली ती व्हेन. दोरीवानी घट्ट लागली, की हीच नर्व्ह." माझ्याच टेबलावरच्या सुनीलचं बोट चुकलं की म्हणायचे, "डाक्टर, तुमी हाडांचंच डाक्टर व्हा. हाड तरी लपत न्हाई."

शहाण्णव साली नवे विभागप्रमुख आले. त्यांना हा सकाळचा तास बंद करायचा होता. आधी मुलांचं मत घेऊ, म्हणाले. कशासाठी ते न सांगता छापील फॉर्म आला: तुम्हाला कसं शिकायला आवडतं? एक लेक्चर, दोन पुस्तक, तीन नोट्स, चार हॉल. वाटायला काकाच होते.

"खरं लिवा बरं का," एवढंच ते म्हणाले.

जागरणानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. कागद हातात येताच वर्ग परीक्षेसारखा गप्प झाला. मग मागून कुजबुज.

"वृषालीनं काय लावलंय?"

"दोन नंबर."

"नक्की?"

"बघितलं ना मी!"

वृषाली पहिली यायची. फॉर्मॅलिननं तिचे डोळे सुजत, म्हणून ती सकाळी हॉलमध्ये कधीच येत नसे. मीही दोनवर खूण केली.

आठवड्यानं सकाळीच सर हॉलमध्ये आले. साठातल्या अठ्ठावन्न जणांना पुस्तक आवडत होतं.

"सूर्यभान, उद्यापासून दहालाच उघडत जा."

सर गेले. काकांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. सुनीलचा हात अजून टेबलावरच्या प्रेताच्या दंडात होता.

"काका," तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, बरोबर उत्तर एकच असणार."

काकांनी त्याचं बोट धरलं, जरासं डावीकडे सरकवलं आणि दोरीवर ठेवलं. मग हात पुसले, किल्ली टेबलाच्या कडेला ठेवली आणि बाहेर पडले.